गेट बंद करणारे परबकाका

आमच्या भोईवाड्यातल्या सोसायटीच्या नव्या गेटच्या वाटेत परबकाका मांडी घालून बसलेले दिसले, तेव्हा मला वाटलं, कमिटीविरुद्ध उपोषण सुरू झालं. मी सेक्रेटरी, म्हणजे समजूत घालणं माझ्याकडेच. जवळ गेलो, तर त्यांनी रिमोट माझ्या हातात दिला.

"दाब."

"काका, गेट अंगावर येईल."

"येऊ दे. कसा येता ता बघूया."

परबकाका लालबागच्या चाळीत राहतात आणि ऑटोमॅटिक गेटं बसवतात. कुणाच्याही घरी गेले की माणसांआधी बिजागऱ्यांची चौकशी करतात. एकदा दादरला लग्नात हॉलचं गेट करकरत होतं, तर हा गृहस्थ पंगतीतून उठला, वाढप्याकडून वाटीभर तेल आणलं, ते बिजागरीत सोडलं आणि मगच जिलेबीला हात लावला. यजमान आजही त्यांना कॅटररचा माणूस समजतात.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे. "गेट कोण पण उघडता. बंद करूक अक्कल लागता."

तर मी रिमोट दाबला. गेट शांतपणे सरकत निघालं ते थेट काकांच्या गुडघ्यापर्यंत. मी घाबरून पुन्हा बटण दाबलं, तेव्हा कुठे ते थांबलं. काका मात्र खूश.

"बघितलंस? सेन्सर कमरेएवढो लावूक सांगितल्यात तुम्ही. ह्यो डोळो गाडी बघता. खाली बसलेला माणूस तेका दिसणा नाय. चतुर्थीक हयसर बायका रांगोळी घालूक बसतल्या, तेव्हा?"

त्यांना खाली आणखी एक सेन्सर हवा होता. त्याची वायर न्यायची म्हणजे नवे कोरे पेव्हर ब्लॉक उखडायचे. हे ऐकून आमचे चेअरमन निमकर तापले. चतुर्थीला गेट सुरू होणार असं त्यांनी ग्रुपवर जाहीर करून टाकलं होतं, फीतसुद्धा आणली होती.

"बायकांना बाजूला बसायला सांगू," ते म्हणाले.

"सांगा," काका म्हणाले. "माझ्यासमोर सांगा. माका बघूचा आसा."

"मग मी दुसरा माणूस आणतो!"

"आणा. पण तेका आधी हयसर बसवा."

एवढं बोलून काकांनी चावी फिरवून मोटर सोडवली आणि चावी खिशात टाकली. आता गेट हातानंच ढकलायचं. अख्खी सोसायटी त्यांच्या नावानं बोटं मोडू लागली. खरं सांगायचं तर मीही.

चतुर्थीच्या सकाळी खाली उतरलो, तर गेटच्या मधोमध बायका ऐसपैस बसून रांगोळी घालत होत्या. आणि काका इस्त्रीचा शर्ट घालून गेट धरून उभे. कुणाचा गणपती आला की गेट ढकलायचे, "मोरया!" म्हणायचे, आणि बाहेरच्या बाईक आत घुसायच्या आत, बायकांना धक्का लागणार नाही इतपत परत सरकवायचे. निमकरांच्या गणपतीलाही त्यांनी तितक्याच प्रेमानं वाट दिली.

माझ्या मात्र तेव्हा डोक्यात आलं. मालवणी माणूस, आणि चतुर्थीला मुंबईत?

"काका, गावी नाही गेलात?"

"गेटाचा काम रवला म्हणून सांगितलंय भावाक."

"अहो, एवढ्यासाठी? पुढच्या आठवड्यात केलं असतं."

ते गेटवरची धूळ पुसत राहिले. मग हळूच म्हणाले, "गेट झाला असता तरी गेलंय नसतंय. ती गेल्यावरचो पयलो गणपती. घरात गेलंय की सगळे तिची आठवण काढतले. माका नाय जमूचा. गेटाचा निमित्त बरा मिळाला."

काकू उन्हाळ्यात गेल्या होत्या. मी भेटूनही आलो होतो. तेव्हासुद्धा काका माझ्याशी आमच्या गेटबद्दलच बोलले होते, आणि मी घरी येऊन हसलो होतो.

"वर या. आमच्याकडे आरती आहे," मी म्हणालो.

"आणि गेट कोण बघतलो?"

"मी बघतो."

"बायका उठल्याबिगर लावू नको हां," असं दोनदा बजावून ते गेले. थोड्या वेळानं वरून टाळ ऐकू आले. सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत बेसूर आवाज काकांचा होता, मला खालून ओळखू येत होता. मग मध्येच तो आवाज थांबला. आरती पुढे चालू राहिली. खाली बायका अजून रंग भरत होत्या. मी गेट घट्ट धरून उभा राहिलो.