तुमची नदी कोणची?

पंचनदराव माणसाला आधी नाव विचारत नसत. समोरचा खुर्चीत नीट टेकायच्या आत ते चष्मा कपाळावर चढवत आणि विचारत, "तुमची नदी कोणची?"

हा प्रश्न केवळ गप्पांतला नव्हता. तंजावरच्या आमच्या विद्यापीठात नद्यांचा अभ्यास करणारं एक लहानसं केंद्र होतं. तीन खोल्या, एक जीप आणि माशांच्या चार काचेच्या टाक्या. शाळेतली मुलं केंद्र बघायला येत, त्यांना नदी शिकवायचं काम पंचनदरावांकडे होतं. पाहुण्यांची वहीही त्यांच्याच ताब्यात. तिच्यात त्यांनी पट्टीने रेघा मारून एक जादा रकाना पाडला होता. नाव, गाव आणि नदी. तो रिकामा ठेवून आत जायची सोय नव्हती. टेलिफोन दुरुस्त करायला आलेला माणूसही सुटला नाही. बिचारा "पुदु आरु" म्हणाला. पुदु आरु म्हणजे नवी नदी. गावातून जाणाऱ्या मोठ्या कालव्याला तंजावरात सगळे तसंच म्हणतात.

पंचनदरावांनी ते खोडलं. "तो कालवा, बाबा. इंग्रजांच्या वेळचा. तुझ्या आजोबांची नदी कोणची?"

त्याला आजोबांची नदी आठवेपर्यंत आमचा फोन बंदच राहिला.

मी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पाण्यातल्या किड्यांवर काम करायला या केंद्रात आले. पहिल्याच दिवशी वहीशी अडले. "मी मेढ्याची, साताऱ्याजवळ. आमची वेण्णा," मी म्हणाले. पंचनदराव खुर्चीतून उठूनच उभे राहिले.

"वेण्णा! आणि इथं आमची वेण्णारु! मग तुम्ही परक्या कशा? माहेरींच आलात की!"

त्या दिवसापासून माझं नाव वेण्णाबाई पडलं. माझं खरं नाव त्यांनी विचारलं ते मला वाटतं तिसऱ्या महिन्यात, तेही पगाराच्या कागदावर लागलं म्हणून.

त्यांचे पूर्वज मराठी राजांच्या वेळी इकडे आलेले. घरात मराठी टिकली होती, देवनागरी मात्र गेली होती. ते मराठी लिहीत ती तमिळ अक्षरांत. माझी मराठी ऐकून त्यांना फार हसू यायचं. "मज वाचायास येत नाही, बोलायास येतं," ते म्हणत. "तुम्हांस वाचायास येतं, बोलायास येत नाही. दोघं मिळून एक शहाणं माणूस झालं." मी "मला पाहिजे" म्हणाले की ते "मज होणें" असं दुरुस्त करत आणि पुढे जोडत, "साताऱ्यास पत्र लिहाल तेव्हां तिकडच्यांसही सांगा."

आमचे संचालक डॉक्टर रंगनाथन मद्रासचे. टाय लावणारे, वेळेचे पक्के, आणि विनोदाची त्यांना थोडी ॲलर्जीच होती. रुजू झाले त्या दिवशी त्यांच्यापुढेही वही सरकवली गेली.

"नदी? मी मद्रासचा. मद्रासला नदी कुठली?" ते म्हणाले.

"आहे की, सार. कूवम," पंचनदराव अदबीने म्हणाले आणि लिहून मोकळे झाले.

ज्याने कूवमच्या पुलावरून एकदा तरी बस जाताना श्वास रोखून धरलाय, त्याला हा अपमान कळेल. शहरातली सगळी गटारं पोटात घेऊन ती बिचारी समुद्राला मिळते. संचालकांनी पान फाडायला सांगितलं. पंचनदरावांनी हात जोडले. "सार, आई आजारी असली म्हणून तिचं नाव कोणी खोडतं का?" पान राहिलं, पण आठवडाभर संचालकांनी माशांच्या टाक्यांकडे ढुंकून पाहिलं नाही.

त्याच सुमारास बाजारात पाण्याच्या सीलबंद बाटल्या यायला लागल्या होत्या. संचालकांच्या टेबलावर पहिली बाटली आली तेव्हा पंचनदरावांनी ती उजेडात धरली, उलटी केली, कानाशी नेली. मग तिलाच विचारलं, "तुझी नदी कोणची, अम्मा?" बाटली बोलली नाही. "अनाथ आहे," असा निकाल देऊन त्यांनी ती हलकेच खाली ठेवली.

आमच्या एका प्राध्यापकांनी मुलीसाठी स्थळ पाहिलं. मुलगा बेंगळूरला कॉम्प्युटरमध्ये होता. तो केंद्रात भेटायला आला आणि नदीच्या प्रश्नावर सरळ म्हणाला, "आमच्याकडे बोअरवेल आहे." वहीत त्याच्या नावापुढे आजही "बोअरवेल" असंच लिहिलेलं सापडेल. लग्न झालं, थाटात झालं. पंचनदरावांनी वधूवरांना पितळेची बादली आणि चाळीस हात दोर भेट दिला.

हे सगळं चालू असताना विद्यापीठात एक कुजबूज सुरू झाली. कॉम्प्युटरच्या पदविकेला खोल्या हव्या होत्या, आणि खोल्या आमच्याच दिसत होत्या. दिल्लीहून एक समिती यायची होती. तिने आमचं काम पाहून पैसे मंजूर केले तर केंद्र राहणार, नाहीतर टाक्यांतले मासे वेण्णारुत आणि आम्ही रस्त्यावर.

दाखवण्यासारखं आमच्याकडे एकच काम होतं. पापनाशमजवळच्या एका गावात कावेरीचं पाणी शेतांना नेणारा एक जुना पाट होता. गाळ, जलपर्णी आणि काटेरी झुडपांनी तो पार बुजला होता. तो मोकळा करायचा, काठावर झाडं लावायची, गावातल्या शाळेला त्यातले मासे आणि किडे ओळखायला शिकवायचं, अशी आमची योजना होती. सुरुवातीचा मैलभर भाग आम्ही गावकऱ्यांबरोबर साफही केला होता. पण त्या वर्षी दोन राज्यांत कावेरीच्या पाण्याचा तंटा पेटलेला, वरच्या धरणातून पाणी सुटलंच नाही. समिती आली त्या दिवशी पाट असा कोरडा ठणठणीत होता की मधोमध शेळ्या बसल्या होत्या.

संचालकांचा चेहरा पडला. समितीत तिघे होते. त्यांचे प्रमुख डॉक्टर माथुर, पांढऱ्या भुवयांचे, कमी बोलणारे. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

पंचनदराव पुढे झाले. "बूट काढावे, सार. पाण्यांत उतरायचं आहे."

"पाणी कुठे आहे?" माथुरांनी विचारलं.

"येईल. आपण वाट बघूं या," असं म्हणून त्यांनी स्वतःची वेष्टी गुडघ्यावर खोचली आणि ते पाटात उतरले. कसं कोण जाणे, पण समितीही उतरली. मोज्यांचे गोळे खिशात, पँटी पोटरीवर.

"इथं घोट्याभर," पंचनदराव पुढून सांगत होते. "इथं गुडघाभर, जपून, तळीं शेवाळ आहे. इथं कंबरभर. आतां गळ्याभर, ब्रीफकेसा वर घ्या!"

आणि त्या तिघांनी ब्रीफकेसा खरोखर डोक्यावर धरल्या! एकाने तर हनुवटीही वर केली. काठावर बायकांचा घोळका जमला होता, तो पदर तोंडाला लावून खदखदत होता. "इथं भोवरा, एकमेकांचे हात धरा," असा हुकूम सुटला तेव्हा संचालकांनी माथुरांचा हात धरला, आणि दोघे कोरड्या मातीत जीव मुठीत धरून तिरके तिरके चालले.

पुढे एका वळणावर खोलगट जागा होती. पंचनदराव तिथे बसले, वरची भेगाळलेली माती खोदली, आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. बाहेर काढला तेव्हा त्यांच्या पंजात चिखलाचा एक गोळा होता. तो गोळा हलला. मरळ मासा होता, जिवंत.

"हा इथंच राहून वाट बघतो आहे, सार," ते म्हणाले. मग त्यांनी मासा परत ओल्या चिखलात सोडला आणि वरून माती लोटली, पांघरूण घालावं तशी.

माथुरांनी ब्रीफकेस खाली घेतली. "एवढी मापं कुठून आणलीत?"

"आजोळ आहे माझं. ह्या पाण्यांत मी पोहायास शिकलों. एकदां ह्या भोंवऱ्यांत बुडालोंही होतों."

"आणि साफ करूनही पाणी आलंच नाही तर?"

"पाणी सोडणारे वर बसले आहेत, सार. आमच्या हातीं फावडं आहे, तेवढं आम्ही करूं."

जाताना माथुरांनी वही मागून घेतली आणि नदीच्या रकान्यात काही न विचारता लिहिलं, 'यमुना'. महिन्याभराने मंजुरीचं पत्र आलं. कॉम्प्युटरवाल्यांनी दुसरी इमारत शोधली.

पाट शेवटपर्यंत मोकळा करायला वर्ष गेलं. पुढच्या हंगामात पाणी सुटल्याची बातमी आली तशी संचालकांनी समारंभ ठरवला. पाटाच्या तोंडाशी मांडव, लाल फीत, हार, सनईसारखं नागस्वरम आणि भाड्याने आणलेला व्हिडिओवाला. पंचनदरावांनी आभार मानायचे होते. फीत कापली, दार उचललं, पाणी पाटात शिरलं, टाळ्या झाल्या, भाषणं झाली. आभारांची वेळ आली तर पंचनदरावांचा पत्ता नाही.

"कुठे आहेत हे राव?" संचालक दातओठ खात मला म्हणाले. "जा, घेऊन या."

मी मोपेड काढली आणि काठाकाठाने निघाले. मैल-दीड मैल गेल्यावर नारळीच्या बागेपाशी ते दिसले. पाटाच्या आत होते. अनवाणी, कमरेत वाकलेले, आणि उलटे चालत होते. त्यांच्यापुढे चार हातांवर पाणी येत होतं. वीतभरही उंच नसेल. मातकट, तोंडाशी फेस आणि काडीकचरा. एखादी भेग लागली की ते थांबायचं, भेग भरेपर्यंत तिथेच घुटमळायचं आणि मग पुन्हा पुढे सरकायचं. पंचनदरावांनी दोन्ही हात त्याच्याकडे पसरले होते.

"ये राजा... ये. आणखी एक पाऊल. शाबास. इकडे बघ, मजकडे. ये."

मी मोपेड बंद केली. "राव सर, तिकडे तुमची वाट पाहताहेत. आभार..."

"हळू बोला," ते मागे न बघता म्हणाले.

पाणी एका ढेकळापाशी अडलं, कडेने वळलं, पुन्हा निघालं. तेही एक पाऊल मागे सरले.

"आमच्या घरीं कोणी चालायास शिकलं नाही, वेण्णाबाई," ते साध्या आवाजात म्हणाले. "बायको असेपर्यंत रोज म्हणायची, येईल. मग तीच गेली."

त्यांचे हात तसेच पसरलेले होते. मांडवाकडून नागस्वरमचा आवाज पुसटसा येत होता. त्यांच्या पाठीमागे, पाटात, नारळाची एक मोठी वाळकी झावळी आडवी पडली होती.

"तेवढी झावळी काढा," ते म्हणाले. "अडखळेल."

मी मोपेड स्टँडला लावली, चपला काढल्या आणि खाली उतरून झावळी ओढून बाजूला केली.