चार बोटं उंच बस

बस आत नेताना मी गोदामाचं दार मोजलं होतं, हे आधीच सांगून ठेवतो, कारण नंतर जो तो मला तेवढंच विचारत होता. उंची मोजली, रुंदी मोजली (स्वतःची अक्कल तेवढी मोजायची राहिली) आणि मगच ती जुनाट बस भंगारवाल्याच्या आवारातून ओढत आणून गोदामात उभी केली.

ही बस माझे सासरे, म्हणजे अण्णा, नोकरीभर चालवत होते. अण्णा शिस्तीचे ड्रायव्हर. स्टॉप सोडून त्यांनी कधी कुणासाठी गाडी थांबवली नाही. आमची पहिली भेटही तशीच झाली. लग्नाच्या आधीची गोष्ट. ऑफिसला उशीर झाला म्हणून मी स्टॉपच्या जरा पुढे उभं राहून हात केला. ड्रायव्हरनं माझ्या डोळ्यांत डोळे घालून पाहिलं आणि गाडी सरळ पुढे काढली. पुढे मी हिला मागणी घालायला गेलो, तर दार त्याच डोळ्यांनी उघडलं. मी ओळख दिली नाही. त्यांनाही काही आठवलं नसावं. पण तेव्हापासून आजतागायत त्यांनी मला 'बरा आहे' असंसुद्धा म्हटलेलं नाही, आणि ते एकदा ऐकायचं म्हणून हा सगळा उपद्व्याप.

"लोक घरातलं भंगार बाहेर काढतात," बायको म्हणाली. "तुम्ही बाहेरचं आणताय."

पण मी हटलो नाही. दिवसा ऑफिसात बिलांवर शिक्के मारायचे आणि संध्याकाळी गंज खरवडायचा, असं चाललं होतं. पत्रा ठोकला, रंग दिला, सीटना नवं रेक्झिन लावलं, घंटीची दोरीसुद्धा जुन्यासारखीच बांधली. मेकॅनिकनं इंजिन जिवंत केलं. शेवटी मी हौसेनं चाकांवरच्या स्प्रिंगचे नवे पाटे आणि नवे टायर घालायला लावले. गाडी कशी ताठ उभी राहिली. माझा ऊर भरून आला. (तिची मान वर गेली आहे, हे तेव्हा लक्षात यायला हवं होतं.)

ज्या जुन्या वाहनांच्या मिरवणुकीत अण्णांनी ही बस चालवायची होती, तिचा दिवस उजाडला. त्याच दिवशी अण्णांचं लायसन्स संपत होतं आणि उद्यापासून स्टिअरिंगला हात लावणार नाही, असं त्यांनी जाहीर करून टाकलं होतं. म्हणजे चालवतील तर आज, नाहीतर कधीच नाही.  अण्णा इस्त्रीचे खाकी कपडे घालून आले, बसभोवती एक चक्कर मारली आणि चढले. गाडी एका झटक्यात सुरू झाली, दारापर्यंत गेली आणि वरून खर्रर्र असा आवाज आला.

टप दारावरच्या लोखंडी तुळईला घासला होता. चार बोटं.

"दार मोजलं नव्हतंत?" अण्णांनी खिडकीतून विचारलं.

"मोजलं होतं. पण आत आली तेव्हा टायर बसलेले होते, पाटे मोडलेले होते..."

"आणि आता?"

"आता नवे आहेत." माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. "टायरची हवा सोडू या का?"

"आणि परत भरणार कशानं? तोंडानं?"

पंप मेकॅनिककडे होता आणि मेकॅनिक गावाला गेला होता.  अण्णांनी गाडी थोडी मागे घेतली आणि तुळईकडे नुसतं बघत राहिले. मग म्हणाले, "रिकामी गाडी उंचच असते. पॅसेंजर भरा."

मी शेजारच्याच आमच्या बिल्डिंगकडे धावलो. माणसं हवी होती, पण जरा भरीव. हे तोंडावर कसं सांगणार? तळमजल्यावरच्या काकूंना म्हटलं, "काकू, जरा बसमध्ये येऊन बसता का?"

"मीच का?"

"तुम्ही बसलात की जरा शोभा येईल."

"खरं काय ते सांगा."

 तेवढ्यात मागून बायको आली आणि जिन्यात उभी राहून ओरडली, "बस खाली दाबायचीय, सगळे या." अख्खी बिल्डिंग हसत हसत खाली आली. (माझी नाजूक भाषा वाया गेली.) बायको दारात उभी राहून कंडक्टर झाली. "पुढे सरका, काकू तुम्ही चाकावरच्या सीटवर." मी स्टुलावर चढून टपाकडे डोळे लावले. बस हळूहळू बसत गेली. चाराची दोन बोटं झाली, दोनाचं अर्धं, आणि तिथेच अडली.

"तुम्ही चढा," बायको म्हणाली.

मी चढलो. वरच्या मजल्यावरचे वकीलसाहेब माझ्या जागी स्टुलावर उभे राहिले आणि म्हणाले, "काहीही फरक नाही."

"जावईबापू, उतरा," अण्णा शांतपणे म्हणाले. "तुम्ही चढलात काय, उतरलात काय, गाडीला कळत नाही. वकीलसाहेबांना घ्या."

वकीलसाहेब चढले आणि गाडी जागेवर आली. मी परत स्टुलावर. श्वास रोखून बघतोय, तोच टप तुळईखालून अलगद निसटला. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. स्टुलावरून उतरून दाराकडे वळलो, तेवढ्यात बायकोनं घंटीची दोरी दोनदा ओढली.

"अहो, थांबा, मी राहिलो," असं म्हणत मी हात वर करून पळालो. अण्णांनी आरशात पाहिलं. तेच डोळे. आरसा मीच घासून लख्ख केला होता, त्यामुळे अगदी स्पष्ट दिसले. गाडी पुढे गेली.

मिरवणूक संपवून संध्याकाळी बस परत आली. इंजिन बंद झाल्यावरही अण्णा बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसून होते. मग खाली उतरले आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.   आता 'बरा आहे' म्हणणार, वाटलं.

एवढ्यात काकूंनी मोबाईल पुढे केला. निघताना काढलेला फोटो होता. बस माणसांनी भरलेली, सगळे हसतायत, आणि मागच्या काचेतून दूरवर एक काडीसारखा माणूस हात वर करून पळतोय.

अण्णांनी चष्मा लावला, त्या माणसावर नेमकं बोट ठेवलं आणि आपल्या लेकीला म्हणाले, "बघ, इतकी वर्षं झाली, अजून स्टॉप सोडूनच हात करतो."