मोठेपणाच्या तीन गोळ्या

फेटा आधी कोणाला, पंगतीत पहिलं पान कोणापुढे, याचा हिशोब रावजींच्या डोक्यात पक्का होता: मोठ्याचं मोठं, धाकट्याचं धाकटं. त्यामुळे गंगापूर रोडच्या डॉक्टरबाईंनी आकडी येणाऱ्या दोघा भावांचं रक्त तपासून फिटच्या गोळ्या ठरवल्या तेव्हा रावजींचं बिनसलं. धाकट्या सुनीलला रोज तीन, रावजींना एक.

"मोठ्याला एकच?"

"काका, प्रत्येकाच्या रक्तात गोळी वेगळी उरते. ती मोजून देते मी. वय बघून नाही."

रावजींनी मान डोलावली आणि घरी येऊन गुपचूप तीन सुरू केल्या. काही दिवसांत पायाखालची जमीन डुलू लागली. त्यांनी दोष नव्या चपलेला दिला.

अशातच रावजींच्या मुलीला, निकिताला, बघायला येवल्याचे पाहुणे आले. मुलगा निकिताच्या मनातला, आणि मुलाच्या वडिलांची अट एकच, घरात दारू नको. रावजींना काळजी कसली? द्राक्षाची बाग असून थेंबाला न शिवलेला माणूस!

ते स्वागताला उठले आणि आधी दाराच्या चौकटीला भेटले. "या, बसा" हे शब्द तोंडातून काकवीसारखे ओघळले. मग पाहुण्यांना मानाची टोपी घालायला वाकले, ती शेजारच्या तांब्याला घातली. वर तांब्याच्या पाया पडले.

"सकाळी सकाळीच?" मुलाचे वडील म्हणाले.

"अहो, हे शिवत नाहीत दारूला," रावजींची बायको सविता कळवळली.

"न शिवता हे, तर शिवल्यावर काय हो ताई?" पाहुणे चपला शोधू लागले.

निकिता पुढे झाली. "काका, निघालाच आहात तर दवाखान्यात चला. पप्पांच्या रक्तात दारू निघाली तर मीच लग्नाला नाही म्हणते."

संध्याकाळी रिपोर्ट आला तेव्हा सुनीलही दवाखान्यात होता.

"दारूचा थेंब नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "गोळीचा मात्र पूर आलाय. काका, किती घेताय?"

"तीन."

"का?"

रावजींनी सुनीलकडे बोट केलं. "तो तीन घेतो. मोठा मी हाय."

सुनीलने कपाळाला हात लावला. "दादा, मागितल्या असत्या तर माझ्या दोन तुला देऊन मीच एक घेतली असती."

"कोणी कोणाला काही द्यायचं नाही," डॉक्टरबाई गरजल्या. "तुमच्या गोळ्या दोन दिवस बंद. मग पुन्हा रक्त तपासून मी सांगेन तेवढीच."

पाहुणे बराच वेळ खालच्या मानेने हसत होते. मग म्हणाले, "सोयरीक पक्की. फक्त एक करा, रावजी. लग्नात आमच्या मंडळींना टोप्या सुनीलराव घालतील."

निकिता बापाकडे बघत होती.

"चालेल," रावजी म्हणाले. "धाकट्यालाही सवय पाहिजे."