बिरप्पाअण्णांचं गेरूशास्त्र

आमच्या निंबर्ग्यात वस्तूवर गेरूचा ठिपका दिसला की ती बिरप्पाअण्णांची, हे शेंबडं पोरही सांगेल. मेंढरांच्या पाठीवर ठिपका, इथवर ठीक. पण छत्री, चपला, तांब्या, आणि एकदा त्यांच्या दारात लावलेली माझी मोटारसायकलसुद्धा! विचारलं तर म्हणाले, "गर्दीत आपलं कंचं, कळाय नको?"

मी शेजारी, त्यातून मास्तर. म्हणून बायकोला, कस्तुरक्कांना, हैदराबादच्या दवाखान्यात नेताना अण्णांनी मलाही गाडीत कोंबलं. अक्कांच्या छातीतला कॅन्सर ऑपरेशननंतर परतला होता.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. रोगाला ओळखून चिकटणाऱ्या अँटिबॉडी शरीर स्वतः बनवतं. तेच काम करणारा, पण त्यांच्याहून खूप लहान असा प्रथिनाचा तुकडा आता प्रयोगशाळेत घडवतात. तो टोचला की अंगभर फिरून नेमका त्या कॅन्सरच्या पेशींना चिकटतो आणि त्याला जोडलेल्या किरणोत्सर्गी खुणेमुळे स्कॅनमध्ये चमकतो. "चमकला, तर त्या पेशींना गाठणारं औषध देता येईल. नाही चमकला, तर आमच्या हातात फारसं काही उरत नाही."

अण्णांनी आ वासला. "म्हंजे आतून गेरू लावायलंय की ह्ये! डोळं न्हाईत, नाक न्हाई, अन् बराबर वळखतंय? बाई, शिकवलं कुनी त्याला?"

बाई हसल्या.

स्कॅनला नेताना अण्णांनी अक्कांच्या मनगटावर हळूच गेरू टेकवला. "इतक्या बायका आत जायल्यात. दुसरीच भाईर आली तर?" नर्सने तो पुसला आणि अण्णांना चांगलंच झापलं.

दुपारी बाईंनी आम्हाला पडद्यावर चित्र दाखवलं. चमकलं होतं! रोग दिसला म्हणून टाळी वाजवणारा नवरा मी पहिल्यांदाच पाहिला. "चिकटलं! बगा मास्तर, चिकटलं! आता औषध देतेत!"

मग ते पडद्याजवळ सरकले. खांदा, बरगड्या, पाठीचा कणा, कंबर. एकेका उजळ जागेवर बोट ठेवत गेले आणि तसेच बाहेर पडले.

बाहेर अक्का बाकावर बसल्या होत्या. अण्णा त्यांच्यापुढे जमिनीवरच बसले.

"इतक्या ठिकानी दुखायलंय, अन् मला कामून सांगितली न्हाईस?"

"तुमी दिसभर मेंढरामागं," अक्का म्हणाल्या. "सांजच्याला आलात की तुमचंच पाय दुखायचे. ते दाबायची मी. माजं कवा सांगू?"

अण्णांनी अक्कांचे पाय मांडीवर घेतले आणि दाबू लागले.

"अहो, लोक बगायलेत!"

"बगू दे."