सहा कौल आणि एक हसू

शूचिनचं म्हणणं असं, की कुठलाही निर्णय घ्यायला माणसाला दहा मिनिटं आणि एक कोरा कागद पुरतो. नवरा तिने असाच निवडला, स्कूटरही अशीच निवडली, आणि दोन्ही कुरकुर करत का होईना, अजून चालतात. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीला नाव घालावं की नाही, हा प्रश्न आला तेव्हाही तिने कागदावर मधोमध उभी रेघ मारली. चहा निवायच्या आत आटोपेल, असा तिचा अंदाज होता.

त्याला सतरा दिवस झाले. 'जावं'च्या खाली एकोणीस मुद्दे झाले होते आणि 'जाऊ नये'च्या खालीही बरोबर एकोणीस.

लुगांग गावातल्या त्यांच्या गल्लीत म्हाताऱ्या माणसांसाठी दुपारच्या जेवणाचं केंद्र आहे. तिथे शूचिन तेरा वर्षं भात वाढत होती, रक्तदाब मोजत होती आणि कोणाची सून कोणाशी बोलत नाही ते ध्यानात ठेवत होती. गेल्या वर्षी केंद्रावर पेइयुन प्रमुख म्हणून आली. वय सव्वीस, समाजकार्याची पदवी इतकी ताजी की शाई हाताला लागावी. पोरगी स्वभावाने लोण्यासारखी, पण आल्या आल्या तिने सगळ्याचं नव्याने बारसं केलं. भात वाढण्याचा 'पोषण-हस्तक्षेप' झाला, गप्पांचा 'जीवनकथा-संवाद' झाला आणि जेवल्यावरच्या डुलकीचं 'स्वयंप्रेरित विश्रांती-सत्र' झालं. शूचिन पदराआड हसावं तशी हाताआड हसली आणि भात वाढत राहिली.

मग त्साय आजोबांचं प्रकरण झालं. आजोबा त्र्याऐंशी वर्षांचे, एकटे राहणारे.

"त्यांना घरी मदतीला माणूस हवा गं," शूचिन म्हणाली. "पाय लटपटतात त्यांचे."

"हे मूल्यमापन कोणी केलं, ताई?"

"मी केलं. डोळ्यांनी."

फॉर्मवर डोळ्यांसाठी रकाना नव्हता. रकाना होता पदवीधराच्या सहीला. त्या सहीला वरची सही लागत होती, आणि वरच्या सहीवाले प्रशिक्षणाला गेले होते. तीन आठवडे गेले आणि आजोबा न्हाणीघरात पडले. हाड मोडलं नाही, देवाची कृपा. पण त्यांनी केंद्रावर यायचं सोडलं, आणि शूचिनच्या मनात काटा रुतला. आपल्या शब्दाला वजन असतं, तर? ते वजन ताइचुंगच्या विद्यापीठात शनिवार-रविवारच्या वर्गात मिळत होतं, आणि अर्जाची मुदत शुक्रवारी संपत होती.

"देवाला विचार," किमहोक म्हणाला. तिचा हा नवरा माशांचे गोळे करून विकतो आणि बोलतानाही हात थांबवत नाही.

"शिकलेली माणसं असले निर्णय देवावर टाकत नाहीत."

"म्हणून तर आत्ता विचार. पदवी मिळाली की ती सोय जाईल."

बुधवारी गल्लीची राखण करणाऱ्या देवाचा, भूमीआजोबांचा, वाढदिवस होता. देऊळ एवढंसं, पण देव जागता. दरवर्षी त्या दिवशी दुपारी तीनला धूपपात्राचा मानकरी निवडतात. एकेका घरातल्या माणसाने देवापुढे कौल लावायचा, आणि ज्याला ओळीने सगळ्यात जास्त होकार मिळतील त्याने देवाचं धूपपात्र वर्षभर घरी ठेवायचं, सण करायचा, गल्लीला जेवू घालायचं. शूचिनला त्या भानगडीत पडायचं नव्हतं. म्हणून तिने सकाळी दहाची वेळ धरली. विचारायचं आणि परतायचं.

यंदा बाहुल्यांच्या खेळवाल्यांना दुपारी दुसरीकडे जायचं होतं, म्हणून देवळाचे प्रमुख लो काका यांनी निवड सकाळी दहावर आणली होती. सहा वाजता कर्ण्यावरून तीनदा ओरडून सांगितलं. सगळ्या गल्लीने ऐकलं, कुत्र्यांनीसुद्धा ऐकलं. शूचिनने तेवढं ऐकलं नाही, कारण ती कानांत फोनची बोंडं घालून एका प्राध्यापकांचं व्याख्यान ऐकत होती. विषय होता, 'समाजाचं म्हणणं कसं ऐकावं.'

देवळात रांग होती. वाढदिवसाची असणार, असं म्हणून ती उभी राहिली. बाहेर फटाक्यांच्या माळा लागलेल्या, शेजारच्याचा शब्द शेजारच्याला कळेना. तिची पाळी आली. लो काकांनी लाल कागद आणि कुंचला सरसावून कानाशी येऊन विचारलं, "घर कुठलं?"

देवाला नाव-पत्ता सांगावाच लागतो, नाहीतर उत्तर भलत्याच घरी जातं. यंदा लिहून घेण्याची सोय केलेली दिसते, सुधारणा आहे, असं वाटून तिने पत्ता सांगितला. मग चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे ओंजळीत धरून डोळे मिटले. मी अर्ज भरू का, आजोबा?

तुकडे पडले. एक सपाट बाजूवर, एक फुगीर. होकार.

एका होकारावर भरवसा ठेवणाऱ्यातली शूचिन नव्हती. शनिवार-रविवारचाच वर्ग घेऊ का? होकार. मी नसले की किमहोक जेवण करील का? होकार. हा खरा चमत्कार, तिला वाटलं. मागून कोणीतरी "तीन" म्हणालं. मी वर्गातली सगळ्यात म्हातारी विद्यार्थिनी असेन, चालेल का? होकार. "चार." अर्जासोबतचा निबंध माझा मीच लिहू? "पाच." माझ्या शब्दाला वजन येईल?

"सहा," अख्खं देऊळ म्हणालं.

शूचिनला गहिवरून आलं. तिच्या शिक्षणाची गल्लीला एवढी आस्था असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. उरलासुरला प्रश्नही तिने विचारून टाकला. संख्याशास्त्र जमेल का?

दोन्ही तुकडे सपाट बाजू वर करून पडले. म्हणजे देव हसला.

लो काकांनी तिच्या गळ्यात लाल पट्टा घातला. "अभिनंदन. गेली आठ वर्षं चारच्या वर कोणी गेलं नव्हतं. जबाबदारी मोठी आहे हो, कबूल ना?"

"कबूल, काका. सतरा दिवस विचार केलाय."

"घरचं काय? किमहोकला माहीत आहे?"

"त्यानेच तर पाठवलंय."

"एक वर्ष बघता बघता जातं."

"एका वर्षात कसं होईल? नोकरी सांभाळून करायचं म्हणजे तीन वर्षं लागतीलच."

लो काकांच्या हातातला कुंचला थांबला. पन्नास वर्षांत आपणहून तीन वर्षं मागणारं माणूस त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांनी लाल कागदावर मोठ्या अक्षरांत 'ओळीने सहा होकार, तीन वर्षं' असं लिहिलं, आणि डोळे पुसत पितळी धूपपात्र तिच्या हातात ठेवलं.

झांजा वाजवत मिरवणूक घरी पोचली तेव्हा किमहोक दारात उभा होता, कोपरापर्यंत माशांचा लगदा लागलेला. "मी तुला उत्तर आणायला पाठवलं होतं," तो म्हणाला. "देव कशाला आणलास?"

परत करायची सोय होती. देवाने ओळीने तीन होकार दिले की झालं. झालेला घोळ ध्यानात आल्यावर शूचिनने दुपारी घरीच विचारून पाहिलं. देव पुन्हा हसला.

पात्र घरात म्हणजे दार उघडं. माणसं उदबत्ती लावायला येत, आणि देवापुढे वाकल्यावर माणूस जे पेइयुनच्या फॉर्मला सांगत नाही तेही सांगतो. कोणाचं गुडघ्याचं दुखणं, कोणाच्या लेकाचं दारूचं. शूचिन निबंध उघडून बसली होती. 'आपण समाजाशी जोडले गेल्याचा एक अनुभव वर्णन करा.' पण समाज तिला पहिली ओळही लिहू देईना. ती दर तासाला उठून चहा टाकत होती आणि अनुभव नसल्याची काळजी करत होती.

गुरुवारी सकाळी काठी टेकत त्साय आजोबा आले. उदबत्ती लावली आणि पात्राला म्हणाले, "देवा, रक्तदाबाच्या गोळ्या महिन्यापूर्वी संपल्या. दवाखान्याचा जिना चढवत नाही."

शूचिनने तिथल्या तिथे लो काकांना फोन लावला. मानकऱ्याचा शब्द पडला म्हणताच लो काकांनी वॉर्डप्रमुखाला उठवलं, वॉर्डप्रमुखाने कोणाकोणाला उठवलं, आणि दुपारी दोनच्या आत आजोबांकडे गोळ्या पोचल्या, मदतीची बाई पोचली आणि न्हाणीघरात धरायला दांडासुद्धा बसला.

संध्याकाळी पेइयुन आली. "ताई, आजोबांचा फॉर्म माझ्या टेबलावर आहे अजून. मग मदत पोचली कशी?"

शूचिनने पात्राकडे बोट दाखवलं.

पेइयुन हळूच एक उदबत्ती लावून म्हणाली, "वरच्या सहीवाल्यांना तेवढं लवकर परत पाठवा, देवा."

"मग आता पदवी कशाला?" किमहोक रात्रीच्या जेवणाला म्हणाला. "वजन तर आलं."

"ते पात्राचं वजन आहे. तीन वर्षांनी पात्र जाईल. आणि शेजारच्या गल्लीतही कोणी त्साय आजोबा असतीलच, त्यांचं काय?"

तो शनिवारच्या जेवणात काय करायचं ते विचारत बसला.

शुक्रवारी दुपारी अर्ज भरताना शेवटचा रकाना आडवा आला. समाजकार्याचा अनुभव, प्रमाणपत्रासह. तेरा वर्षं भात वाढल्याचं प्रमाणपत्र कोण देतं? घरात शिक्क्याचा कागद एकच होता, लो काकांनी पात्रासोबत दिलेला लाल. तिने तोच जोडला. मुलाखतीत तीन प्राध्यापकांपैकी सगळ्यात वयस्कर होते त्यांनी तो लाल कागद दोन्ही हातांनी धरला. "ओळीने सहा?" ते म्हणाले. "मी गावाकडे बारा वर्षं प्रयत्न करतोय. दोनच्या वर जात नाही." पुढे कोणी काही विचारलं नाही.

प्रवेशाच्या पत्रासोबत वेळापत्रक आलं. पहिला तास, शनिवारी सकाळी नऊ वाजता, सक्तीचा: संख्याशास्त्र.

शूचिन कागद घेऊन पात्रापुढे बसली. देवळात देव का हसला होता ते आता कळलं. उदबत्ती लावायला आलेले त्साय आजोबा तिच्या खांद्यावरून वाचत होते.

"अगं, तो नाही कुठे म्हणाला? नुसता हसला," ते म्हणाले. "मी साखर कारखान्यात एकतीस वर्षं सरासऱ्याच काढत होतो. उद्यापासून ये. वही आण, आणि चहा जरा कडक कर."

तेव्हापासून आजोबा रोज शिकवतात. पाय लटपटतात, पण आवाज लटपटत नाही, आणि चूक झाली की काठी आपटतात. पेइयुन एक दिवस ते पाहून गेली आणि नवा फॉर्म घेऊन परत आली. मदत देणाऱ्याच्या रकान्यात तिने त्साय आजोबांचं नाव लिहिलं. लाभार्थीच्या रकान्यात शूचिनचं.

"मंजूर होईल, ताई," ती म्हणाली. "फक्त वरची सही लागेल. तीन आठवडे धरा."