शौकतभाईंचा लाकडी पूल

शौकतभाई छत्रीवाल्यांनी मला फसवलं. हिमालयात जो पूल नाही, तो बघायला पाठवलं.

लवळ्यात हॉस्टेलच्या फाटकासमोर माझं कॅन्टीन आणि त्यांचं छत्र्या-रेनकोटचं दुकान एकाच भिंतीला टेकून उभं आहे. जगातल्या सगळ्या गोष्टींवर शौकतभाईंचं एकच उत्तर: "आत्ता सीझन न्हाई." आंबा पुढं केला की वास घेऊन परत देणार, "सीझन न्हाई." केस कापा म्हटलं तर, "थंडी जाऊ द्या." एकदा त्यांच्या पन्हळीचं पाणी माझ्या दारात आलं म्हणून मी त्यांना सगळ्या रस्त्यासमोर झापलं. ते शांतपणे म्हणाले, "ताई, उकडतंय किती. भांडायला आत्ता सीझन न्हाई." मला हसू आलं आणि एवढं चांगलं भांडण वाया गेलं.

कॅन्टीन टाकल्यापासून मी सुट्टी घेतली नव्हती. शेवटी हिमालयातल्या फुलांच्या राष्ट्रीय उद्यानात जायचं ठरवलं, तेही मे महिन्यात. हॉस्टेलची पोरं गावी, कॅन्टीन बंद, नुकसान शून्य.

"मेमधी काय बघणार? बर्फ आन् चिखल," शौकतभाई म्हणाले. "दिवाळीला नुसत्या काड्या. फुलांचा सीझन श्रावण."

"तुम्ही गेला होतात?"

"दोनदा! आत शिरलं की लाकडी पूल हाय. त्याच्यावर पाय सोडून बसायचं. मग फुलं बघायची."

"आणि श्रावणात माझं कॅन्टीन कोण चालवणार? तुमचे तीर्थरूप?"

"ते कवाच गेले. मी चालवतो."

आणि चालवलं. ऐन पावसात स्वतःच्या दुकानाचं शटर ओढून हा माणूस माझ्या गल्ल्यावर बसला. भिजलेली पोरं छत्री मागायला आली की म्हणायचे, "छत्रीचा आत्ता सीझन न्हाई. पोहे खा." माझ्या स्वयंपाकीणबाईंनी हे फोनवर सांगितलं, तेव्हा मी डोंगरात एकटीच खदखदा हसले.

फुलांचं काय सांगू? कोथिंबिरीच्या जुडीतही खोट काढणारी मी, तिथे नुसती उभी राहिले. भाव करावा असं काही नव्हतंच. पूल मात्र सापडेना. रखवालदाराशी वाद घातला. तो म्हणाला, असा पूल इथे कधीच नव्हता.

परत आल्या आल्या मी विचारलं, "कुठाय तुमचा पूल?"

त्यांनी एक छत्री उघडली, मिटली.

"आमच्या वहिदाच्या कॅलेंडरवर व्हता, ताई. गॅसच्या वर टांगलेला. भाकरी थापता थापता म्हणायची, मला हितं पाय सोडून बसायचंय. खाली हिमालय लिवलेलं. खरा कुटला, कुणाला म्हाईत?"

"म्हणजे तुम्ही गेलाच नाहीत?"

"फुलांचा सीझन श्रावण. छत्रीचाबी तोच. दर साली म्हणायचो, पुढच्या साली."

वहिदाभाभी करोनात गेल्या.

यंदाच्या श्रावणाचं तिकीट मी शौकतभाईंच्या नावानं काढलंय. प्रवास कंपनीशी घासाघीस करून, खिडकीजवळचं. दुकान मी बघणार. छत्र्या त्यांच्यापेक्षा चढ्या भावानं विकून दाखवीन. तिकीट हातात दिलं तेव्हा ते म्हणाले, "आत्ता सीझन..." आणि पुढचा शब्द त्यांना सापडला नाही.

त्या फुलांसाठी मी त्यांची जन्मभर ऋणी आहे. पण पुलाचं काय? त्यांनी स्वतः जावं, शोधावा. नाहीच सापडला, तर मिळेल त्या दगडावर भाभींच्या वाटचे पाय सोडून बसावं, आणि परत येऊन मला जाब द्यावा. मी गल्ल्यावर वाट बघत बसणार आहे.