पान दोनशे आठवरची बाई

आमच्या नगर वाचनालयातल्या एका रशियन कादंबरीतली बाई गेल्या मार्गशीर्षापासून वाचन कक्षात येऊन बसली होती आणि तिला न्यायला कोणी येत नव्हतं.

कादंबरी मुळात रशियन, पण कसबे मोरवड्यापर्यंत पोचली ती इंग्रजीतून. रशियन पुस्तकं विकणारी मोटार गावोगाव फिरायची त्या काळात ती घेतलेली. कागद जाड, छपाई ठसठशीत आणि किंमत दोन भेळांची. मॉस्कोत राहणाऱ्या कोणा इंग्रज बाईंनी भाषांतर केलं होतं. गावातल्या प्रत्येक शिकलेल्या माणसानं ती एकदा तरी घरी नेली होती. रशियन कादंबरी न्यायची, महिनाभर उशाशी ठेवायची आणि परत करताना ग्रंथपालाकडे बघून नुसतं 'जबरदस्त' म्हणायचं, असा आमच्याकडे रिवाज आहे. ग्रंथपाल मीच असल्यामुळे हा शब्द मी पुष्कळ ऐकला आहे. त्यापुढे कोणी काही बोललेलं आठवत नाही.

गेल्या थंडीत दुपारी वाचन कक्ष ओस पडायचा, म्हणून मी ती वाचायला घेतली. नावं लक्षात ठेवायला जड गेली. एकेका माणसाला तीन तीन नावं, आणि रागावलं की एक, प्रेम आलं की दुसरं. पण मी चिकट माणूस आहे. दोनशे आठव्या पानावर तैसिया इग्नात्येव्हना नावाची बाई एका आडगावच्या स्टेशनावर गाडीतून उतरली. बरोबर एक ट्रंक आणि टोपीचा गोल डबा. चहूकडे बर्फ. तिला न्यायला ग्लेब साविच नावाचा गृहस्थ बर्फावरून घसरत जाणारी बिनचाकी घोडागाडी घेऊन येणार होता. ती बाकावर बसली आणि रस्त्याकडे बघू लागली. मी समोरच्या पानावर गेलो. तिथे लिहिलं होतं: 'कैरीचे गोड लोणचे. कैऱ्या स्वच्छ पुसून घ्याव्यात.'

असं सोळा पानं मराठीत लोणचं चाललं होतं. मग दोनशे पंचविसावं पान आलं आणि त्याची पहिलीच ओळ होती: 'छे, मी आत्ताच तर आले,' ती म्हणाली. त्यापुढे वसंत ऋतू सुरू.

मी पुस्तक मिटून घरी गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप काढलं, तर ती दाराजवळच्या बाकावर बसलेली. अंगात जाड कोट, पायाशी ट्रंक, मांडीवर टोपीचा डबा.

वाचन कक्षात न वाचता बसायला मनाई आहे. मी तिला तसं सांगितलं आणि वर्तमानपत्र दिलं. तिनं ते उघडून समोर धरलं आणि त्याच्यावरून दाराकडे बघत राहिली. नियमाचा भंग होत नव्हता.

ती रशियन, मी मराठी, आणि आम्ही बोलायचो इंग्रजीत, जे दोघांच्याही घरचं नव्हतं. त्यामुळे आमचं बरं जमायचं. दोघंही जपून बोलायचो. एकदा मी तिला म्हटलं की लोक तुम्हाला ताई म्हणतात, राग मानू नका, पूर्ण नाव कोणाच्या जिभेवर बसत नाही. ताई म्हणजे काय, असं तिनं विचारलं. मी सांगितलं.

"माझी आई मला एका लहानशा नावानं हाक मारायची," ती म्हणाली. "ते भाषांतरात आलं नाही. ते होतं एवढं मला माहीत आहे. कसं होतं ते माहीत नाही."

मी तिला चहा आणून दिला. तिला दुधाचा चालत नव्हता, पण तिनं तो घेतला. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, ते मी कुठे बोललो नाही.

फाल्गुनात ऊन तापलं तसा वेगळाच प्रश्न उभा राहिला. तिच्या भोवती दोन हात अंतरापर्यंत थंडी असायची. एरवी न फिरकणारे सभासद खुर्च्या ओढून तिच्याजवळ बसू लागले, त्यावरून भांडणं झाली, आणि कार्यकारी मंडळाची सभा बोलवावी लागली.

"ती सभासद आहे का?" अध्यक्ष बिरनाळेअण्णांनी विचारलं. ते गुळाचे व्यापारी आहेत.

"ती पुस्तकाचा भाग आहे," मी म्हणालो. "वर्गणी लागू होत नाही."

"मग पुस्तकात का नाही बसत?"

"पुढचं पान नाही, अण्णा. कैरीचं लोणचं आहे."

अण्णांनी प्राध्यापक हर्डीकरांकडे पाहिलं. हर्डीकर सरांनी याच कादंबरीवर वसंत व्याख्यानमालेत दीड तास भाषण केलं होतं. सरांनी चष्मा पुसला आणि पंखा जरा कमी करता येईल का, असं विचारलं. इतक्या वर्षांत एकाही सभासदानं लोणच्याची तक्रार केली नव्हती, याचा अर्थ सगळ्यांच्या लक्षात आला, पण सभेच्या वृत्तांतात तो घ्यायचा नाही असं ठरलं.

"अपूर्ण पुस्तक रद्दीत काढा," अण्णा म्हणाले. "सरकारी नियमच आहे तसा."

"आणि तिचं काय करायचं?"

अण्णांनी दाराकडे पाहिलं. दाराच्या फटीतून ती दिसत होती. चैत्रापर्यंत पानं सापडली तर ठीक, नाहीतर रद्दी, असा ठराव झाला.

मी मोमीनचाचांकडे गेलो. आमची सगळी पुस्तकं तेच बांधतात. मोरचूद घातलेल्या, पानं चिकटवायच्या खळीचा वास त्यांच्या दुकानाला कायम असतो. त्यांनी कादंबरी हातात घेतली, पाठ दाबून पाहिली आणि टाके मोजले.

"माझंच काम हाय," ते म्हणाले. "एका साली तुमच्या मंडळानं गणपतीच्या तोंडावर दोनशे पुस्तकं एकदम आणून टाकली. सोळा पानांचा एक फर्मा असतो. सगळे फर्मे सुटे करून जमिनीवर मांडलेले. अदलाबदल झाली असंल."

"मग हिचा फर्मा कुठे गेला?"

"जिथनं लोणचं आलं, तिथं रशिया गेला असणार," चाचा म्हणाले. "दुसरीकडं कुठं जाईल?"

लोणच्याचं पुस्तक वाचनालयात एकच, आणि ते कोणाकडे आहे हे शोधायची गरज नव्हती. ते शेवंताक्का मगदूम यांनी नेलं होतं आणि त्या परत करायचं नाव काढत नव्हत्या. बाजारात मी दिसलो की त्या दुसऱ्या बोळात वळायच्या.

मी ताईला विचारलं, माझ्याबरोबर येता का? मी तुम्हाला पुस्तकासकट माझ्या कार्डावर नेऊ शकतो.

"नको," ती म्हणाली. "त्याला हीच जागा सांगितली आहे. मी उठून गेले आणि तो आला, तर?"

शेवंताक्कांचं घर नदीकडच्या गल्लीत शेवटचं. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी बेळगावला, मुलगा त्याहून लांब. मी आणि मोमीनचाचा पोचलो तेव्हा दुपार कलली होती. अंगणातल्या तुळशीवर बर्फाचा थर होता. जास्वंदीवर नव्हता. अक्का पायरीवर नीट लुगडं नेसून, केस विंचरून बसल्या होत्या.

"पुस्तकाला आलाय न्हवं?" त्या म्हणाल्या. "बसा. आधी ह्यास्नी येऊन जाऊ दे."

गल्लीच्या तोंडाशी घुंगरं वाजली. तीन घोडे वाफा टाकत आले, त्यांच्यामागे ती बिनचाकी गाडी. उंच, दाढीवाला, खांद्यावर बर्फ पडलेला गृहस्थ खाली उतरला. त्यानं टोपी काढून हातात घेतली, अक्कांसमोर उभा राहिला आणि इंग्रजीत म्हणाला, "क्षमा करा, रस्ता फार वाईट होता. तुम्हाला फार वेळ बसावं लागलं का?"

"न्हाई ओ," अक्का म्हणाल्या. "आत्ताच तर आलोय."

गृहस्थ थोडा वेळ तिथेच उभा राहिला. पुढे काय बोलायचं ते त्याच्या सोळा पानांत नव्हतं. मग टोपी घालून तो आल्या वाटेनं निघून गेला. घुंगरं बंद झाली.

मला दोनशे पंचविसाव्या पानाची पहिली ओळ आठवली.

"अक्का, तुम्हाला इंग्रजी येतं?" मी विचारलं.

"मला कुठलं इंग्रजी? त्या पानांवर नुसत्या मुंग्या हायत्या. मी आपली बोट ओलं करून एकेक पान उलटलं, मधलं टाकायचं न्हाई म्हणून. दुसऱ्या दिवसापासनं यायलाय."

"मग तो काय विचारतो ते कसं कळलं?"

"उशिरा आलेला माणूस दुसरं काय विचारणार?"

मी त्यांना सगळं सांगितलं. स्टेशन, ट्रंक, डबा, मार्गशीर्षापासूनचा बाक, आणि चैत्रातली रद्दी. अक्का तुळशीवरचं बर्फ बोटानं खरवडत होत्या.

"तुमची लोणच्याची पानंही परत मिळतील," मी म्हणालो. "कैरीचं गोड लोणचं, अख्खं. आता कैऱ्या येतीलच."

"लोणचं मला पुस्तकाबिगर येतंय की ओ!" त्या एकदम चिडल्या. "लोणच्यासाठी ठेवलंय व्हय मी? ह्या दारात दूधवाला येतो, त्यो कासंडी ठेवून बाहेरनंच जातो. मतं मागायला येत्यात. बाकी कोण येतंय? ह्यो एकटा येतोय. टोपी काढून उभा राहतोय. मला विचारतोय."

मोमीनचाचा खाली मान घालून बसले. चूक त्यांची होती, पण त्या चुकीचं काय करावं ते त्यांनाही कळत नव्हतं. नियमाप्रमाणे मुदत संपलेलं पुस्तक मला तिथल्या तिथे ताब्यात घेता आलं असतं. मी नियम सांगितला नाही.

"दिसायला कशी हाय?" अक्कांनी विचारलं.

"तुमच्या मुलीएवढी असेल."

"आणि बसून काय करती?"

"पेपर धरते आणि दाराकडे बघते."

अक्का उठून आत गेल्या आणि फडक्यात बांधलेलं पुस्तक घेऊन आल्या. फडक्याला हळदीचे डाग होते. "मला तिथं येऊ द्या," त्या म्हणाल्या. "ती जाताना बघतो. तेवढं बघितलं की झालं."

मोमीनचाचांनी दोन्ही पुस्तकं उसवून नव्यानं शिवली. एक रात्र दाबाखाली ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती वाचन कक्षात आणली, तेव्हा मंडळ हजर होतं. हर्डीकर सरही आले होते. अक्का ताईशेजारी बाकावर बसल्या. त्यांनी तिच्या कोटाच्या बाहीला हात लावून पाहिला आणि थंडीनं मागे घेतला. मग पुन्हा लावला आणि तिथेच ठेवला.

मी दोनशे आठवं पान काढलं आणि वाचू लागलो. मोठ्यानं नाही, मनातच. दोनशे नऊवर त्यानं घोडे जुंपले. मधे वादळ आलं, वाट चुकली, एक घोडा बसला. हे सगळं अक्कांनी उलटलेलं होतं. पानांच्या कोपऱ्यांवर हळदीची बोटं होती. दोनशे चोविसाव्या पानाच्या तळाशी बाहेर घुंगरं वाजली.

ग्लेब साविच दारात आला. वहाणा बाहेर काढाव्यात अशी पाटी आहे, पण त्याला कोणी अडवलं नाही. त्यानं टोपी काढली. बाकावर दोघी होत्या. त्यानं आधी अक्कांकडे पाहिलं, सवयीनं, आणि अक्कांनी हळूच बोटानं शेजारी दाखवलं.

"क्षमा करा, रस्ता फार वाईट होता. तुम्हाला फार वेळ बसावं लागलं का?"

मी समोरच्या पानावर गेलो.

"छे," ताई म्हणाली. "मी आत्ताच तर आले."

तिनं वर्तमानपत्राची घडी घालून जागेवर ठेवली. ट्रंक त्यानं उचलली. दाराशी जाऊन ती वळली आणि अक्कांना काहीतरी म्हणाली. ते इंग्रजी नव्हतं. मला कळलं नाही, हर्डीकर सरांनाही कळलं नाही.

"व्हय, जा पोरी," अक्का म्हणाल्या. "अंधार पडायच्या आत पोचा."

घुंगरं लांब गेली. कक्षात उकडायला लागलं आणि सभासदांनी आपापल्या खुर्च्या पंख्याखाली नेल्या. मंडळानं मोमीनचाचांच्या आभाराचा ठराव केला. अण्णांनी कादंबरी स्वतःच्या नावावर घरी नेली. शेवंताक्का लोणच्याचं पुस्तक न घेताच निघाल्या. मी आठवण केली, तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी कपाट आवरून बाहेर आलो, तर त्या दाराजवळच्या बाकावर बसलेल्या होत्या. नीट लुगडं, विंचरलेले केस. समोर वर्तमानपत्र धरलेलं. नियम त्यांना कोणी सांगितला होता कोण जाणे. त्या दाराकडे बघत होत्या, आणि त्या दारातून येणारा आता पान दोनशे पंचवीसवर दुसऱ्या कोणाला तरी घेऊन कायमचा गेला होता.

मी आत जाऊन टेबलाशी बसलो. पुन्हा उठलो. डोक्यावर टोपी असते माझ्या, उन्हाची, पांढरी. ती काढून हातात घेतली, मागच्या दारानं बाहेर पडलो, इमारतीला वळसा घालून पुढच्या दारानं आत आलो आणि त्यांच्यासमोर उभा राहिलो.

"माफ करा अक्का, जरा उशीर झाला. फार वेळ बसावं लागलं का?"

शेवंताक्कांनी वर्तमानपत्र खाली घेतलं आणि माझ्याकडे निरखून पाहिलं.

"न्हाई ओ," त्या म्हणाल्या. "आत्ताच तर आलोय."